घाट बांधणारे आणि घाट राखणारे

पुण्याच्या ज्या कल्पना आमच्या समाजांत रूढ आहेत त्यांत एक मोठी उणीव आहे. ती ही, कीं बांधणाराला पुण्य लागतें, राखणाराला लागत नाहीं. कोणी देऊळ बांधलें, घाट बांधला, कीं त्याचें नांव शिळेवर कोरलें जातें, आणि दोनशें वर्षांनंतरही त्याचे वंशज पाहुण्याला हात धरून ती शिळा दाखवावयास नेतात. परंतु त्याच घाटाची निखळलेली पायरी ज्यानें पुन्हां बसविली, दगडांच्या सांध्यांत उगवलेला पिंपळ बोटाएवढा होता तेव्हांच ज्यानें मुळासकट उपटला, पुरानें आणलेला गाळ पाणी उतरतांच ज्यानें घमेल्या-घमेल्यानें काढला, त्याचें नांव कोठें आहे? शिळेवर तर नाहींच. गांवच्या जमाखर्चाच्या वहींतही बहुधा नाहीं. कृष्णाकांठचे घाट आज ज्या अवस्थेंत आहेत ती अवस्था नदीनें आणलेली नाहीं, आणि लोक समजतात तशी दारिद्र्यानेंही आणलेली नाहीं. ती आमच्या या एका समजुतीनें आणली आहे, असें आमचें मत आहे. तें कित्येकांस कडू लागेल. पण औषध आणि मत हीं दोन्हीं गोडच असलीं पाहिजेत असा नियम नाहीं.

हा विषय आजच काढण्यास कारण आहे. गुरु कन्या राशीस आला म्हणजे कृष्णेचा कन्यागत पर्वकाळ लागतो. मागचा २०१६ सालीं झाला. पुढचा २०२८ सालीं येईल. पर्वकाळ जवळ आला कीं सर्वांस घाटांची आठवण होते. अंदाजपत्रकें तयार होतात, पाहणीसाठीं मोटारी येतात, आणि 'सुशोभीकरण' हा शब्द वर्तमानपत्रांतून घुमूं लागतो. मग घाईघाईनें, पर्वणीच्या आधीं कसें तरी उरकावयाचें म्हणून, जुन्या दगडांवर जें हाताला लागेल तें थापलें जातें. पर्वणी संपली कीं पुन्हां अकरा वर्षें सामसूम. बारा वर्षांतून एकदां आठवण होणें यास जर देखभाल म्हणावयाचें, तर बारा वर्षांतून एकदां जेवण्यास आहार म्हणावयास हरकत नाहीं. पुढच्या पर्वणीची ही घाई सुरू होण्यापूर्वींच चार शब्द बोललेले बरे. वरातीमागून घोडें नाचविण्यांत अर्थ नाहीं.

प्रथम हे घाट म्हणजे काय हें नीट पाहूं. महाबळेश्वरास उगम पावलेली कृष्णा डोंगर सोडून सपाटीवर उतरते न उतरते तोंच मनुष्यानें तिचे कांठ दगडांनीं बांधावयास आरंभ केलेला दिसतो. मेणवलीस नाना फडणिसांचा वाडा व त्याखालचा घाट. तेथून कोस-दीड कोसावर वाई, आणि वाईस गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड असे आळीआळीचे सात घाट. पुढें सातारच्या पूर्वेस वेण्णा मिळते त्या माहुलीच्या संगमावर दोहों तीरांस घाट व देवळें, त्यांतलें विश्वेश्वराचें देऊळ श्रीपतराव पंतप्रतिनिधींनीं १७३५ च्या सुमारास बांधलेलें. कऱ्हाडास कोयना समोरून येऊन कृष्णेस भेटते तो प्रीतिसंगम. तेथून खालीं औदुंबर, भिलवडी, सांगली, वारणा मिळते तें हरिपूर, आणि मिरजेचा कृष्णाघाट. रास्ते, पटवर्धन, प्रतिनिधि अशीं जीं घराणीं इतिहासांत तलवारीसाठीं वाचावयास मिळतात तीं या कांठावर पायऱ्यांसाठीं भेटतात. आणि तलवारींपेक्षां पायऱ्याच जास्त टिकल्या, हें सुज्ञांनीं ध्यानांत घ्यावें.

परंतु घाट म्हणजे शोभेचा जिना नव्हे. संध्या करावयास, धुणें धुवावयास किंवा कावड भरावयास सोय व्हावी एवढ्याचसाठीं इतका दगड कोणी रचला नसता. कृष्णेचा कांठ कातळाचा नाहीं. बहुतेक ठिकाणीं तो खोल काळ्या-तांबूस मातीचा आहे, आणि ही माती पुराच्या पाण्यानें भिजली म्हणजे भाकरीचा तुकडा मोडावा तशी उभीच्या उभी नदींत कोसळते. घाट हा त्या मातीला घातलेला बांध आहे. सरळ उभ्या भिंतीवर पाणी आदळतें आणि तिच्या पायाशीं खणूं लागतें. पायऱ्यांच्या उतारावर तेंच पाणी पायरी-पायरीनें चढतें आणि त्याचा जोर वांटला जातो. शिवाय पायऱ्यांचा सगळा भार मागें मातीवर रेललेला असतो. हें शास्त्र आमच्या पूर्वजांनीं कोणत्या विद्यालयांत शिकून घेतलें हें आम्ही सांगूं शकत नाहीं, पण त्यांना तें ठाऊक होतें. शंका असेल त्यानें वाईस ढोल्या गणपतीच्या देवळाच्या मागें जाऊन उभें राहावें. गणपतराव भिकाजी रास्ते यांनीं १७६२ सालीं बांधलेल्या या देवळाची पाठभिंत चपटी नाहीं. ती माशाच्या तोंडासारखी निमुळती काढलेली आहे, म्हणजे पुराचा लोंढा आला तर दुभंगून दोन्ही अंगांनीं निघून जावा. ज्या मनुष्यानें देवाच्या पाठीशीं सुद्धां नदीचा विचार केला त्याच्या बांधकामावर आम्ही आज नदीचा कांहींएक विचार न करतां थर चढवितों, हीच आमच्या तक्रारीची जागा आहे.

आतां घाट मरतो कसा, तें पाहूं. सर्वसामान्य समजूत अशी, कीं पूर येतो आणि घाट मोडतो. ही समजूत सोयीची आहे, कारण पुराला कोणी जाब विचारीत नाहीं. पण ती खरी नाहीं. घाट बहुधा पूर चढतांना पडत नाहीं. पूर उतरतांना पडतो. नदी आठ दिवस दुथडी भरून वाहिली म्हणजे घाटामागची माती तुडुंब भिजते. तोपर्यंत बाहेर नदीचें पाणी व आंत मातींतलें पाणी सारख्या जोरानें भिंतीस धरून असतात. पुढें नदी एकदम ओसरली, कीं बाहेरचा आधार जातो. आंतलें पाणी मात्र तेथेंच राहतें आणि भिंतीस बाहेर ढकलूं लागतें. दहा फूट उंचीच्या भिंतीमागें पाणी काठोकाठ तुंबलें तर भिंतीच्या लांबीच्या दर फुटास सुमारें चौदाशें किलोंचा रेटा बसतो. उंची वीस फूट असली तर तो दुप्पट होत नाहीं, चौपट होतो. हें पाणी निथळून जावयास वाट असली पाहिजे. जुन्या घाटांच्या चुन्याच्या सांध्यांतून तें झिरपून जात असे. तीं वाट बंद झाली, कीं भिंत फुगते, पायऱ्या पुढें सरकतात, आणि एखाद्या स्वच्छ, कोरड्या, निरभ्र सकाळीं, पुराची गोष्ट लोक विसरलेले असतांना, घाटाचा एक तुकडा नदींत बसतो. धरणें झाल्यापासून नदीचें चढणें-उतरणें पावसाबरोबरच दरवाजांच्या उघडझापीवरही अवलंबून राहूं लागलें आहे; म्हणून या वाटेचें महत्त्व पूर्वीपेक्षां आज अधिक आहे, उणें नाहीं.

दुसरा शत्रु पायाखालीं असतो. घाटाची सर्वांत खालची पायरी बाराही महिने पाण्यांत असते, ती कोणी पाहात नाहीं. तिच्याखालची माती व वाळू प्रवाह हळूहळू पोखरतो. आणि जेथें पात्रांतून वाळूचा बेसुमार उपसा झाला आहे तेथें हळूहळू नव्हे, झपाट्यानें पोखरतो. तळची पायरी खचली कीं तिच्यावरची लटकते, आणि मग वरच्या पायरीची कितीही डागडुजी केली तरी ती रोग रेड्याला आणि औषध पखालीला अशांतलीच होते. तिसरा शत्रु झाडांचा. पिंपळ व उंबर यांचें बीं पांखरें कोठेंही टाकतात. दोन पावसाळ्यांत त्याचें मूळ सांध्यांत शिरतें, दहा वर्षांत तें दोन मणांची खांडकी उचलून बाजूस ठेवतें. तें रोप उपटावयास पहिल्या वर्षीं एक मूल पुरे. दहाव्या वर्षीं यंत्र लागतें, आणि मग पिंपळ तोडूं नये असें म्हणणारे भाविकही लागलीच गोळा होतात! पहिल्या वर्षीं हे भाविक कोठें होते, असें विचारण्याची सोय नाहीं.

हे तिन्ही शत्रु जुने आहेत आणि तिघांसही आवरण्याचे उपाय स्वस्त आहेत. चौथा शत्रु मात्र नवा असून महाग आहे, आणि तो मित्राच्या वेषानें येतो. त्याचें नांव दुरुस्ती.

आमच्या माहितीच्या एका नदीकांठच्या गांवीं कांहीं वर्षांपूर्वीं घाटाची अशी दुरुस्ती झाली. दगडांच्या दरजा खरवडून त्यांत सीमेंट भरण्यांत आलें, पायऱ्यांवर सीमेंटचा गुळगुळीत थर देण्यांत आला, आणि वरच्या चौथऱ्यावर रंगीत फरशी बसली. समारंभास आम्हांसही बोलावणें होतें. आम्ही गेलों, भाषणें ऐकलीं, आणि खोटें कशाला बोलावें, आम्हांलाही तें काम त्या दिवशीं चकचकीत व बरें वाटलें. परत येतांना घाटावर एक वृद्ध गवंडी बसला होता. काम कसें काय वाटतें, असें आम्हीं सहज विचारलें. तो थोडा वेळ कांहीं बोलला नाहीं. मग म्हणाला, "गुर्जी, भितीला बी नाक आस्तंय. त्ये बुजिवलं, की ती गुदमारती." आम्ही हंसलों. पुढच्याच मोठ्या पुरानंतर तोच घाट पाहिला तेव्हां सीमेंटचा थर पापुद्र्यासारखा सुटून गेला होता, त्याबरोबर दगडांच्या कडा निघाल्या होत्या, आणि मधल्या टप्प्याची भिंत पोट आल्यासारखी पुढें आली होती. पाण्याचा रेटा व भिंतीची उंची यांचें जें गणित आम्हीं वर दिलें तें पुस्तकांत पाहून दिलें आहे. त्या गवंड्यानें तें एका वाक्यांत सांगितलें होतें, आणि दोन पदव्या घेतलेल्या आम्हांस त्या वेळीं तें कळलें नव्हतें. ही लाजेची गोष्ट आहे म्हणूनच येथें लिहिली आहे.

सीमेंटशीं आमचें वैर नाहीं. इंग्लंडांत जोसेफ ॲस्पडिन यानें १८२४ सालीं पोर्टलंड सीमेंटचें पेटंट घेतल्यापासून या पदार्थानें जगाचें रूप पालटलें आहे. नवा पूल, नवी भिंत, नवा धक्का बांधावयाचा तर तें वापरावें, आणि पाणी निथळण्याचीं भोकें ठेवून वापरावें. आमचें म्हणणें एवढेंच, कीं जुन्या चुनेगच्ची कामाशीं त्याचें जमत नाहीं. जुना घाट म्हणजे बाहेरून घडीव दगड व आंत चुना-खडीची भर. हा चुना मऊ असतो. थंडी-उन्हानें दगड तसूभर हलला तर त्याबरोबर तोही हलतो, ओल शोषतो व बाहेर टाकतो, आणि बारीक भेग पडली तर पाण्याबरोबर विरघळलेला चुना तेथें पुन्हां धरून ती बुजवितो. सीमेंट कठीण व आडमुठें; तें हलत नाहीं, ओल बाहेर जाऊं देत नाहीं, आणि शेवटीं स्वतः तुटण्याऐवजीं शेजारच्या दगडाची कड तोडतें. सांधा हा दगडापेक्षां मऊ असावा म्हणजे झीज सांध्यास लागते, आणि सांधा पुन्हां भरतां येतो. दगड पुन्हां घडवतां येत नाहीं. पाण्यांत चुना टिकत नाहीं असा आक्षेप कोणी काढील. नुसता कळीचा चुना पाण्याखालीं धरत नाहीं हें खरें. म्हणूनच आमचे गवंडी त्यांत भाजलेल्या विटांची सुरकी घालीत, आणि रोमन लोक ज्वालामुखीची राख घालीत. दोघांनीं एकमेकांस विचारलें नव्हतें. पाण्यानें दोघांनाही तेंच शिकविलें.

आणि हें केवळ आमच्याच नदीचें रडगाणें नाहीं. नाशिकास गोदावरीच्या पात्रांत कुंडांभोवतीं काँक्रीट ओतण्यांत आलें, आणि पुढें तें काढून टाकावें म्हणून नागरिकांना न्यायालयाचीं दारें ठोठवावीं लागलीं. घालावयासही खर्च, काढावयासही खर्च, आणि मध्यें नदीची वर्षें गेलीं तीं वेगळींच! कृष्णेनें गोदावरीपासून एवढें तरी शिकावें.

आमच्या या म्हणण्यावर जे आक्षेप येतात त्यांतले तीन विचारांत घेण्याजोगे आहेत. पहिला असा, कीं आतां घाटांचा उपयोग तरी काय? घरोघर नळ आले, धुणें यंत्रांत जातें, स्नानास नदीवर कोण जातो? या आक्षेपकांस आम्ही इतकेंच विचारूं, कीं आपण छत्रीचा उपयोग नाहीं म्हणून घराचें छप्परही काढून टाकतां काय? स्नान थांबलें म्हणून नदी वाहावयाची थांबली नाहीं. घाटाच्या वर, त्यानें धरून ठेवलेल्या मातीवर, देवळें आहेत, वाडे आहेत, रस्ते आहेत, नव्या इमारती आहेत. घाटावर जाणारे कमी झाले असतील. घाटावर उभे असलेले कमी झालेले नाहींत.

दुसरा आक्षेप पैशाचा. पैसा नाहीं, हें आमच्या सार्वजनिक जीवनांतलें सर्वांत लोकप्रिय वाक्य आहे, आणि सर्वांत असत्यही. मोडलें म्हणजे पैसा असतो. मोडूं नये म्हणून नसतो. उद्घाटनास पैसा असतो, कारण उद्घाटनाचें छायाचित्र निघतें. दरजा भरण्याचें छायाचित्र कोण काढणार? रोप उपटणाऱ्या गड्यास हार कोण घालणार? वर्षाकांठीं थोडक्यांत भागणारें काम आम्ही बारा वर्षें तुंबवितों, आणि मग त्याच्या कितीतरी पट खर्चून त्या घाटाचा जीर्णोद्धार नव्हे, जीर्णसंहार करतों.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, आणि तो सांगलीकरांकडून येतो म्हणून त्याचा विचार आदरानेंच केला पाहिजे. ते म्हणतात, ज्या शहरानें २००५, २०१९ व २०२१ अशा सोळा वर्षांत तीन महापुरांचे घाव सोसले त्याला पायऱ्यांच्या दरजा काय सांगतां? आम्हांला नदीला लागून उंच भिंत पाहिजे. आयर्विन पूल १९२९ पासून सांगलीच्या उशाशीं उभा आहे. त्यावरच्या मोजणीनें ४० फूट ही इशाऱ्याची व ४५ फूट ही धोक्याची पातळी. २०१९ च्या ऑगस्टांत पाणी ५७ फुटांच्या वर गेलें. त्याच दिवसांत ब्रह्मनाळ येथें सुटकेची नाव उलटून माणसें बुडालीं. ज्यांनीं तें पाहिलें त्यांस कोणी उपदेश करूं नये, आणि आम्हीही करीत नाहीं. परंतु ज्याचें घर बुडालें त्यालाच खोटा उपाय विकणें ही त्याहून मोठी क्रूरता आहे. धोक्याच्या पातळीवर बारा फूट चढलेल्या पाण्यास अडविणारी भिंत किती उंच व किती रुंद लागेल, आणि पाणी उतरतांना तिच्यामागें तुंबलेल्या ओलीचा रेटा किती होईल, याचा हिशोब भिंत मागणाराने आधीं मांडावा. दुसरें असें, कीं एका तीरास उंच भिंत घातली म्हणजे पाणी नाहींसें होत नाहीं. तें समोरच्या तीरास जातें. सांगलीचें संकट सांगलवाडीच्या गळ्यांत घालणें यास पूरनियंत्रण म्हणतां येणार नाहीं. तिसरें, नदी शहरांत केवळ कांठावरूनच येत नाहीं. ती नाल्यांच्या तोंडांतून मागल्या दारानें येते. पुढच्या दारास अडसर घालून मागलें दार सताड उघडें ठेवणाऱ्या घरधन्यास आपण काय म्हणूं? नाल्यांचीं मुखें मोकळीं ठेवणें, त्यांवर झडपा बसवून त्या चालत्या ठेवणें, निळ्या पूररेषेच्या आंत, म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराच्या वाटेंत, भराव व इमारती होऊं न देणें, हीं कामें भिंतीइतकीं भव्य दिसत नाहींत. पण तीं झाल्यावांचून भिंत बांधली तर ती व्यर्थ; आणि तीं झालीं तर कदाचित् तेवढ्या उंच भिंतीची गरजही उरणार नाहीं. बरें, भिंत बांधलीच, तरी ती राखणार कोण? जुनें राखतां येत नाहीं म्हणून नवें बांधणारा मनुष्य नवेंही राखीत नाहीं; तो केवळ पुढच्या पिढीसाठीं मोडकळीचा साठा वाढवितो.

ही राखण पूर्वीं कोण करीत असे? ज्यांनीं घाट बांधले ते राज्यकर्ते व सरदार जवळच होते, देवस्थानांस इनामी जमिनी होत्या, आणि घाट पडला तर कोणाकडे जावयाचें हें गांवास माहीत होतें. त्या व्यवस्थेचें आम्ही गोडवे गात नाहीं. तींत लहरीपणा होता, आणि घाटाच्या कोणत्या पायरीवर कोणी उतरावें व कोणी उतरूं नये याचे अन्यायी निर्बंधही होते. ते गेले हें उत्तमच झालें. परंतु सातारचें राज्य १८४८ सालीं खालसा झालें, सांगली संस्थान १९४८ सालीं मुंबई प्रांतांत विलीन झालें, आणि या शंभर वर्षांत घाटांचा धनी गेला तो गेलाच. आज देवस्थान नगरपालिकेकडे बोट दाखवितें, नगरपालिका जलसंपदा खात्याकडे, जलसंपदा खातें महसुलाकडे, आणि जुनें बांधकाम म्हणून कोणी पुरातत्त्वाकडे. बोटें पुष्कळ आहेत. हात एकही नाहीं.

दुसऱ्या देशांत काय करतात? हॉलंड देशाचा मोठा भाग समुद्रसपाटीच्या खालीं आहे. तेथें बांध व कालवे राखण्यासाठीं तेराव्या शतकापासून पाणीमंडळें चालत आलेलीं आहेत. तीं स्वतःचा कर बसवितात आणि त्यांच्या सभासदांची निवडणूक होते. बांध राखणें हें त्यांच्याकडे परोपकाराचें नव्हे, नागरिकत्वाचें काम आहे. आणि तरीही जेथें दुर्लक्ष झालें तेथें त्यांसही शिक्षा झाली: ॲम्स्टरडॅम शहरांत २०२० च्या सप्टेंबरांत ग्रिमबुर्गवाल नांवाच्या कालव्याची धक्क्याची भिंत भर शहरांत ढांसळली, आणि मग शहरांतल्या कालव्यांच्या भिंतींची तपासणी किती तुंबली आहे याचा बोभाटा झाला. व्हेनिस शहरानें आपल्या खाडीसाठीं १५०१ सालीं पाण्याचें एक स्वतंत्र अधिकारमंडळ नेमलें; समुद्राच्या समोर इस्त्रियाच्या दगडाच्या प्रचंड भिंती उभारल्या त्या अठराव्या शतकांत, म्हणजे आमच्या कृष्णेवर घाट चढत होते त्याच काळांत. सांगावयाचें एवढेंच, कीं जेथें पाणी अडवून राहिलेलीं शहरें टिकलीं तेथें तीं दगडाच्या जोरावर नव्हे, दगडाकडे रोज पाहणाऱ्या माणसाच्या जोरावर टिकलीं.

मग आम्हीं काय करावें? हॉलंडचें अनुकरण करावयास नको. वाईचें केलें तरी पुरे. वाईस कृष्णाबाईचा उत्सव माघ-फाल्गुनांत घाटाघाटावर आळीपाळीनें होतो. प्रत्येक आळीचा घाट ठरलेला, दिवस ठरलेले, वर्गणी ठरलेली, कोणी काय करावयाचें तें ठरलेलें. आमच्या लोकांस संघटना येत नाहीं असें म्हणणाऱ्यानें हा उत्सव एकदां पाहावा. आणि योगायोग असा, कीं नदीचें पाणी उतरलेलें, तळच्या पायऱ्या उघड्या, ऊन कोंवळें, आणि चुना सावकाश धरावयास पावसाळ्यापूर्वीं चांगला अवधि, असा घाटाच्या डागडुजीचा जो हंगाम तोच हा उत्सवाचा हंगाम! उत्सवाच्या आधींचा एक आठवडा त्या त्या आळीनें आपल्या घाटास द्यावा. रोपें उपटावीं, गाळ काढावा, सांधे पाहावे, तळच्या पायरीखालीं पोकळी झाली आहे कीं काय तें काठी घालून पाहावें. एक वही ठेवावी. तींत कोणत्या टप्प्याची कितवी पायरी हलली, भिंतीचें पोट गतवर्षापेक्षां किती पुढें आलें, पुरानंतर कोठून पाणी झिरपत होतें, हें साल घालून लिहावें. ज्या कामास विद्या पाहिजे तें काम, म्हणजे चुना, सुरकी, दरजा, जाणत्या गवंड्याकडून दाम देऊन करवावें. फुकट श्रमदानानें दगड बसत नसतो. असे जाणते हात दिवसेंदिवस कमी होत आहेत. प्रत्येकाच्या हाताखालीं दोन पोरें देऊन त्यांस मजुरी द्यावी, म्हणजे विद्या त्याच्याबरोबर चितेवर जाणार नाहीं. आणि सरकारकडे मागणें मागावयाचें तर पर्वणीच्या मोठ्या रकमेचें मागूं नये. दरसालच्या लहान रकमेचें मागावें, आणि घाट कोणाच्या ताब्यांत आहे याचा एक लेखी निर्णय मागावा. २०२८ ला अवकाश आहे. तोंवर जितके हिंवाळे हातीं आहेत तितकीं वर्षें ही वही लिहिली गेली तर पर्वणीच्या वेळीं सुशोभीकरणवाल्यांस दाखवावयास कागद तरी असेल. आणि कदाचित् त्यांना करावयास फारसें कामही उरणार नाहीं, हें तर सर्वांत उत्तम.

आम्हीं ज्या वृद्ध गवंड्याचा उल्लेख केला तो आतां हयात नाहीं. त्यानें आपल्या आयुष्यांत किती घाटांच्या किती पायऱ्या बसविल्या याची नोंद कोठेंही नाहीं. त्याच्यावर हंसलेल्या आमची मात्र निमंत्रणपत्रिकेवर पदव्यांसकट होती. पुढच्या माघांत जो कोणी आपल्या आळीच्या घाटाची एक पायरी चुन्यांत नीट बसवील त्याचें नांव शिळेवर कोरूं नका, तेवढा खर्च दुसऱ्या पायरीस लागेल. पण वहींत तारीख घालून तें अवश्य लिहा.